आखाती तहांतील नववे कलम : चार ग्रंथांचा परामर्श

इराणच्या आखातातील राज्यांशी व्यापार वाढवावयाचा आणि त्याच वेळी तेथील माणसांच्या हक्कांविषयी बोलावयाचे, ही पाश्चात्त्य मुत्सद्द्यांची अडचण आजची नव्हे. युरोपीय समुदायाने आखाती सहकार्य परिषदेशी 1988 साली करार केला. मुक्त व्यापाराची पुढील बोलणी 2008 साली स्थगित झाली, आणि मानवी हक्कांचे कलम हे वादाच्या विषयांपैकी एक होते. या अडचणीचा आरंभीचा मसुदा मात्र मुंबई सरकारच्या दप्तरात आहे. अभ्यासकांनी त्याचा निवाडा कसा केला, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

1819 च्या अखेरीस मुंबईहून आखातात गेलेल्या मोहिमेचा सेनापती विल्यम ग्रांट कीर हा त्याच वर्षी सावंतवाडीवरही चालून गेला होता. जानेवारी 1820 मध्ये रास अल्-खैमा येथे झालेल्या तहाच्या रचनेत टॉमस पेरोनेट टॉम्सन या गुलामगिरीच्या कट्टर विरोधकाचा हात होता. आफ्रिकेच्या वा अन्य किनाऱ्यावरून स्त्री, पुरुष व मुले गुलाम म्हणून पळवून नेणे ही लूट व चाचेगिरी होय, असे तहाचे नववे कलम सांगते. मुंबई सरकारने मात्र त्याचा अर्थ संकुचित केला : बंदी पळवून नेण्यास आहे, विकत घेतलेल्यांच्या वाहतुकीस नाही. ही फट 1847 चे करार आणि 1873 साली बार्टल फ्रीअरने मस्कतच्या सुलतानाशी केलेला तह यांनी क्रमाने बुजविली. तरीही घरोघरचे दास्य कतारमध्ये 1952, सौदी अरबस्तानात 1962 आणि ओमानात 1970 पर्यंत कायद्याने टिकून होते.

लॉरिमर यांचे आखातविषयक गॅझेटियर (1908 व 1915) सरकारी उपयोगासाठी गुप्तपणे छापले गेले. त्यातील माहिती अपूर्व आहे. परंतु मोत्यांच्या धंद्यास एक परिशिष्ट, गुलामांच्या व्यापारास दुसरे. त्यांचा सांधा जुळविण्याचे काम वाचकावरच पडते. केली यांचा ‘ब्रिटन अँड द पर्शियन गल्फ’ (1968) हा दप्तराच्या भक्कम पायावर उभा आहे. तथापि दास्यनिर्मूलनाकडे ते मुख्यतः ब्रिटिश कर्तबगारीची गाथा म्हणून पाहतात. याउलट शारजाचे शासक सुलतान अल्-कासिमी यांनी ‘द मिथ ऑफ अरब पायरसी इन द गल्फ’ (1986) मध्ये मुंबईच्याच कागदांवरून चाचेगिरीचा आरोप हे कंपनीच्या व्यापारी विस्ताराचे निमित्त होते, असे मांडले. हा प्रतिवाद आवश्यकच होता. परंतु लेखक स्वतः त्या घराण्याचे वारस आहेत, आणि गुलाम हा त्यांच्या विवेचनाचा विषय नाही. एका ग्रंथात गुलाम हा साम्राज्याच्या पुण्याचा दाखला ठरतो, तर दुसऱ्यात तो दिसतच नाही.

ही उणीव मॅथ्यू हॉपर यांच्या ‘स्लेव्ह्‌ज ऑफ वन मास्टर’ (2015) या ग्रंथाने बऱ्याच अंशी भरून काढली. मोती आणि खजूर यांना जगाच्या बाजारात आलेल्या मागणीनेच आखातातील दास्य पोसले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आखाती मोत्यांची मोठी पेठ मुंबईत होती. म्हणजे बंदीचा हुकूम ज्या नगरातून निघे, त्याच नगरात दासाने समुद्रतळातून काढलेला मोती विकला जाई. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. कलम लिहिणारा प्रामाणिक असू शकतो. परंतु त्याचा अर्थ लावणारा बाजाराच्या बाजूस बसलेला असतो.

मोताळ्याच्या वाचकास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. मलकापूर-खामगावच्या कापसाला 1860 च्या दशकात जो भाव आला, तो गुलामगिरीच्याच प्रश्नावर पेटलेल्या अमेरिकन यादवी युद्धामुळे. त्या तेजीच्या काळी मुंबईचा गव्हर्नर होता तो हाच फ्रीअर. आज भारतीय मजूर आखातात जातो. दहावी न झालेल्यास 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो. भारत व संयुक्त अरब अमिरात यांचा व्यापारी करार 2022 साली अमलात आला. अशा करारांत मजुराविषयी शब्द आहेत की नाहीत, एवढेच पाहून भागणार नाही. ते शब्द कोण वाचतो आणि कोणाच्या हिताने वाचतो, हेही पाहिले पाहिजे. नवव्या कलमाचा इतिहास हेच शिकवितो. तो ज्या दप्तरात आहे ते मुंबईतच आहे; मराठी संशोधकाने त्याची वाट परक्यांवर सोडून देऊ नये.