नादाचा संग्रह

विचित्र प्राणी गोळा करण्याचे संगणकीय खेळ आता नवे राहिलेले नाहीत. १९९६ साली जपानात पोकेमॉन निघाला; पुढे त्याचे चाहते केवळ हौसेपोटी तसेच खेळ रचू लागले. असा एखादा हौशी खेळ सर्वस्वी नादावर उभारला तर तो कसा असावा, हा प्रश्न आम्ही म्हैसुरात बसून विचारीत आहो. कारण संग्रहाच्या खेळाची परंपरा या नगरीला जुनी आहे.

तिसरे कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) यांच्या 'श्रीतत्त्वनिधी'चे नऊ निधी आहेत. त्यांतील कौतुकनिधीत गंजिफांच्या खेळांचेही वर्णन येते. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेतही अवतार १२० पानांत मांडलेले असतात. विश्व मोजून, रंगवून हातात धरता येते, हा या खेळांमागील विश्वास. चित्राला तो शोभतो. नादाला शोभेल काय?

वरवर पाहता प्राणी तयारच आहेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळाचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा सांगितला आहे. हौशी रचनाकार यांची सात सुबक चित्रे काढील, प्रत्येकाला एकेक सूर चिकटवील आणि तेथेच थांबेल. आमचा आक्षेप नेमका यालाच आहे. बेडकाचे ओरडणे ऐकून कोणी धैवत लावीत नाही. षड्ज ठरला म्हणजेच इतर स्वरांना त्यांची नावे मिळतात. स्वर हे एक नाते आहे. सुरावर कायमचे नाव डकविणारा खेळ हा चित्रांचाच खेळ होय.

वास्तविक रूपांतराची किमया संगीतात मुळातच आहे. भूपाचे पाच स्वर घ्यावे आणि त्यांतील गांधाराला षड्ज मानावे. तत्क्षणी मालकंसाचे स्वर उभे राहतात. कर्नाटक संगीतात याच स्वरमेळांचे राग मोहनम् आणि हिंदोळम्, आणि या पालटाला तेथे ग्रहभेद म्हणतात. एकही सूर न हलविता प्राण्याचे रूप बदलते! हा पालट पडद्यावर दाखवून न देता खेळणाऱ्याने कानाने ओळखावयाचा असेल, तरच तो खेळ नादाचा. शिवाय मिळविलेला प्राणी पेटीत स्वस्थ पडून राहू नये. त्याचा सूर पुन्हा लावला नाही तर तो पुसट होत जावा. नाद साठवून ठेवता येत नाही, तो प्रत्येक वेळी नव्याने काढावा लागतो.

बदलीच्या गावी वाढणाऱ्या आपल्या मुलांपुरता तरी हा प्रश्न क्षुल्लक नाही. घरी त्यांच्या कानी भूप पडतो, शेजारच्या घरातून मोहनम्. नावे दोन्ही पाठ होतात. स्वर तेच आहेत हे मात्र क्वचितच कोणी सांगते. ठिकाण बदलले म्हणजे तेच सूर निराळे नाते धरतात, एवढे ज्या खेळाने मुलाच्या कानाला कळेल, त्यात प्राणी सातच असले तरी आम्हांस तो थोर वाटेल. ते ज्यात कळणार नाही, त्यात सातशे असले तरी ती मुकी पानेच.