निराश मतदार आणि कादंबरीकार

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मग फराळाला बसायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. त्या रीतीच्या आधाराने मी या दिवाळी अंकात एक कडू विषय काढीत आहे. वाचकांनी तो जिभेला लावण्यापुरताच घ्यावा. फराळ पुढे आहेच.

विषय असा : ज्यांतून निवडायचे ते सारेच उमेदवार मनातून उतरलेले असले, तर मतदाराच्या मनात काय चालते, आणि कादंबरीकाराने ते कसे लिहावे? राजकारणाचा मी अभ्यासक नव्हे. पण प्रश्नाचा दुसरा भाग आमच्या धंद्याचा आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

उदाहरण फ्रान्सचे घेऊ. तेथे राष्ट्राध्यक्ष थेट जनता निवडते. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते पडली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. २१ एप्रिल २००२ रोजी पहिल्या फेरीला सोळा उमेदवार उभे होते. सोळा असूनही शंभरांतले अठ्ठावीस मतदार घरीच बसले. पंतप्रधान लिओनेल जॉस्पँ हे दोन लाखांहूनही कमी मतांनी मागे पडून तिसरे आले, आणि दुसऱ्या फेरीत उरले दोघे : अध्यक्षपदावर असलेले झाक शिराक आणि कडव्या उजव्या पक्षाचे ज्याँ-मारी ल पेन. शिराक यांच्यावर पॅरिसच्या महापौरपदाच्या काळातील गैरव्यवहाराचे आरोप होते. पुढे २०११ साली त्यांपैकी एका प्रकरणात न्यायालयाने त्यांना दोषीही ठरविले. तरी आयुष्यभर डाव्यांना मत देत आलेली माणसे, फॅसिस्टापेक्षा लबाड पत्करला, अशा अर्थाच्या घोषणा करीत त्यांच्या बाजूने रस्त्यावर आली. नाकाला चिमटा लावून मत द्यायला जाऊ, हातमोजे घालून जाऊ, अशी भाषा झाली. ५ मे रोजी शिराक ८२ टक्के मतांनी निवडून आले. पहिल्या फेरीत त्यांना वीस टक्केदेखील पडली नव्हती!

आता या ८२ टक्क्यांतली आनंदाची मते किती आणि नाक दाबून दिलेली किती? मतपेटीला ते सांगता येत नाही. तिच्या दृष्टीने दोन्ही चिठ्ठ्या सारख्याच. मतपेटीचे काम जेथे संपते, तेथून कादंबरीकाराचे सुरू व्हावे, अशी माझी समजूत आहे. या समजुतीने मी इंग्रजी भाषांतरातून दोन कादंबऱ्या वाचल्या. त्यांनी हे काम कितपत केले, ते पाहावयाचे आहे.

पहिली जुझे सारामागो या पोर्तुगीज लेखकाची. २००४ साली निघालेली. इंग्रजीत तिचे नाव 'सीइंग'. सारामागो हा भूमिहीन शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेजची पायरी न चढता, मोटारदुरुस्तीचे काम करून पुढे लेखक झाला, आणि १९९८ साली नोबेल पारितोषिकापर्यंत पोचला. अध्यक्षाची निवडणूक काही या कादंबरीत नाही. एका अनाम देशाच्या राजधानीत नगरपालिकेचे मतदान आहे, धो धो पाऊस आहे. संध्याकाळी पेट्या उघडतात, तो सत्तर टक्क्यांवर मते कोरी! आठवड्याने पुन्हा मतदान घेतात, तर कोरी मते ८३ टक्के. सरकारची त्रेधा उडते. ते राजधानीच सोडून जाते, शहराला वेढा घालते, झाडूवाल्यांनाही काम बंद करायला लावते. तेव्हा घराघरांतल्या बायका केरसुण्या घेऊन रस्त्यावर येतात आणि आपापल्या दारापुढचे झाडून काढतात. हे पान मी माझ्या घरी मोठ्याने वाचून दाखविले आहे.

तथापि एक गोष्ट खटकते. मते कोरी का, हे मंत्री विचारतात, पोलीस विचारतात, खोटे पकडणाऱ्या यंत्राला माणसे बांधूनही विचारतात. पण लेखक विचारीत नाही. मंत्र्यांच्या बैठका आपण पानेच्या पाने ऐकतो, मतदार मात्र समुदाय म्हणूनच दिसतो. त्याचे मौन भव्य आहे, पण त्याच्या आत लेखक आपल्याला नेत नाही. शिवाय त्या शहरात ल पेन कोणी नाही. कोरे मत देऊन भलताच माणूस गादीवर बसेल, ही धास्ती नसताना हात झटकून मोकळे होणे सोपे असते.

दुसरी कादंबरी फ्रेंच लेखक मिशेल वेल्बेक याची. 'शरणागती' असा तिच्या नावाचा अर्थ होईल. ती जानेवारी २०१५ मध्ये निघाली आणि तिच्यात २०२२ सालची राष्ट्राध्यक्षाची निवडणूक कल्पिली आहे. दुसऱ्या फेरीत एका बाजूला मारीन ल पेन, दुसऱ्या बाजूला एका मुस्लिम पक्षाचा उमेदवार. या कल्पनेवरून पुष्कळ वादळ झाले. मला त्या वादळापेक्षा कथा सांगणारा प्राध्यापक महत्त्वाचा वाटतो. देशाचे भवितव्य ठरत असता हा गृहस्थ मोटार काढून पॅरिसबाहेर निघून जातो. त्याला कोणताच उमेदवार नको आहे, आणि कोणी आला तरी हरकतही नाही. शेवटी चांगला पगार, मानाची जागा आणि घरचे सुख यांच्या बदल्यात तो काहीही मानायला तयार होतो. येथे लेखक मतदाराच्या मनात शिरला खरा, पण आत त्याला रिकामे घर सापडले. हा माणूस निराशही नाही. निराश व्हायला आधी काही आशा असावी लागते.

या दोघांमधला मतदार दोन्ही पुस्तकांतून निसटला आहे, आणि प्रत्यक्षात तर तोच भेटतो. ७ मे २०१७ रोजी मॅक्रॉन आणि मारीन ल पेन यांच्यातील दुसऱ्या फेरीत चाळीस लाखांहून अधिक फ्रेंच मतदार केंद्रापर्यंत चालत गेले आणि कोरी किंवा बाद चिठ्ठी टाकून आले. २०१४ च्या कायद्याने कोरी मते वेगळी मोजतात, पण वैध मतांत धरीत नाहीत. निकाल बदलणार नाही हे ठाऊक असून जो कपडे करून केंद्रावर जातो, त्याला उदासीन कसे म्हणावे?

आपली मराठी राजकीय कादंबरी तरी काय करते? अरुण साधूंची 'सिंहासन' १९७७ सालची. तिच्या तोडीचे सत्तेचे चित्रण आमच्या भाषेत थोडेच. पण नावाप्रमाणे ती सिंहासनाची कथा आहे. ज्याच्या मतावर ते सिंहासन उभे, तो पुष्कळ दूर राहतो.

मी मास्तर असल्याने निवडणुकीचे काम आमच्या वाट्याला येते. २०१३ पूर्वी आपल्याकडे ज्याला कोणालाच मत द्यायचे नसे, त्याला तसे केंद्राध्यक्षाला सांगून सर्वांदेखत नोंदवहीत सही करावी लागे. सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने यंत्रावर 'नोटा'चे बटण आले आणि तेही मत गुप्त झाले. नागरिक म्हणून मला याचे समाधान आहे. केंद्रावर बसलो असता एक गोष्ट मात्र नेहमी जाणवते. पुठ्ठ्याच्या आडोशामागे माणूस जातो, आणि एखाद्याच्या बाबतीत यंत्राचा आवाज लवकर येत नाही. रांग चुळबुळते. मग आवाज येतो, माणूस बाहेर येतो, शाईचे बोट पुसत निघून जातो. त्याने कोणते बटण दाबले, हे विचारण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण तो एवढा वेळ आत का थांबला, हे लिहिण्याचे काम आम्हा कादंबरीकारांचे आहे, आणि ते अजून व्हावयाचे आहे.