दुर्बोध पुस्तक आणि लोकलमधला दीड तास

मराठीत 'दुर्बोध' हा शब्द आपण बहुतेक वेळा आरोप म्हणून वापरतो. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ साली आला, त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९५२मध्ये ते त्यातून निर्दोष सुटले. दुर्बोधतेच्या आरोपातून मात्र त्यांची पुरती सुटका अजून व्हायची आहे. ग्रेस तर १९६७च्या 'संध्याकाळच्या कविता'पासून अखेरपर्यंत हा आरोप वागवतच लिहीत राहिले. यातली गंमत अशी, की 'ग्रेस डोक्यावरून जातात' असं सांगणाऱ्या कित्येकांना हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेली आणि 'महाश्वेता' मालिकेचं शीर्षकगीत झालेली त्यांची कविता शब्दन् शब्द पाठ असते. चालीबरोबर ऐकताना अर्थ लागला नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही. तीच कविता छापील पानावर समोर आली की कपाळाला आठ्या पडतात.

म्हणजे न समजणं आपल्याला अजिबात सोसत नाही अशातला भाग नाही. ते ठेवायला कुठेतरी जागा लागते. गाण्यात ती मिळते. बुक क्लबमध्ये मिळते का?

डोंबिवलीतल्या एका वाचनगटात मी गेली काही वर्षं जातो. आम्ही सात जण. दोघे निवृत्त, एक शाळेतल्या बाई, एक जळगाव जिल्ह्यातल्या शेतकरी घरातून आलेले इंजिनीअर, एक कॉलेजातला मुलगा, बदलापूरहून येणाऱ्या बँकेतल्या एक ताई आणि मी. सुरुवातीला महिन्याला एक पुस्तक असा नेम होता. बहुतेक बुक क्लब असेच चालतात आणि मला वाटतं घोळ तिथेच सुरू होतो. महिन्याला एक पुस्तक हे नुसतं वेळापत्रक नसतं, ते साहित्याबद्दलचं एक मत असतं: सगळी पुस्तकं साधारण सारख्याच वेळात वाचून होतात, आणि वाचून झाली की त्यांच्याबद्दल बोलता येतं. या मापात जी पुस्तकं बसतात त्यांच्यावर चर्चा छान रंगते. कुणाला नायिका पटते, कुणाला शेवट खटकतो, कुणी 'मी रिलेट झालो' म्हणतं. पोहे संपतात, पुढचं पुस्तक ठरतं. यात वाईट काही नाही. पण पुस्तकाने आपल्याला अडवलं आणि आपण थांबलो, असं या पद्धतीत कधी घडत नाही.

ते घडलं नेमाड्यांच्या 'हिंदू'मुळे. २०१०ची कादंबरी, सहाशे पानं. महिन्याभरानंतर जमलो तेव्हा सातांपैकी दोघांनीच शंभरी ओलांडली होती. बँकेतल्या ताईंनी त्या दिवशी विचारलेला प्रश्न मला अजून समीक्षेतल्या पुष्कळ प्रश्नांपेक्षा खरा वाटतो. त्या म्हणाल्या, "मला दिवसात वाचायला मिळतो तो बदलापूर ते सीएसएमटी हा दीड तास, तोही बसायला जागा मिळाली तर. घरी गेल्यावर तो वेळ माझा नसतो. हे पुस्तक मला आत घेत नाहीये. मग मी माझा दीड तास त्याला का देऊ?"

या प्रश्नाला आपल्याकडच्या जाणकारांचं ठरलेलं उत्तर आहे: वाचक आळशी झालाय, मोबाईलने त्याची वाट लावली. पहाटे पाचला उठून डबे करून गाडी पकडणाऱ्या बाईला हे सांगायला जीभ धजावायला हवी. वेळ किती लागतो हा हिशेब क्षुद्र नाही. ताशी वीस पानं धरली तरी 'हिंदू'ला तीस तास होतात, म्हणजे ताईंच्या वीस सकाळी, उभं राहावं लागलेले दिवस सोडून. इतकं मागणाऱ्या पुस्तकाकडून काय मिळणार, हे विचारायचा हक्क त्यांना आहे. पण हे पुस्तक अवघड कशामुळे आहे हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

जॉर्ज स्टाइनर यांचा १९७८च्या पुस्तकात आलेला 'ऑन डिफिकल्टी' हा निबंध इथे उपयोगी पडतो. ते अवघडपणाचे चार प्रकार करतात. पहिला म्हणजे माहीत नसलेला शब्द, संदर्भ, रूढी. शोधलं की सापडतं. दुसऱ्यात शब्दन् शब्द कळतो, पण ज्या मनोवृत्तीतून ते लिहिलंय ती आपल्यात जागीच होत नाही. तिसऱ्यात लेखक मुद्दाम आपला वेग तोडतो. चौथ्यात लेखक-वाचकातला करारच मोडीत निघतो, भाषेने काही सांगायचं असतं हेच गृहीत धरता येत नाही. स्टाइनर यांची ही विभागणी मला जरा जास्तच नीटनेटकी वाटते, प्रत्यक्ष पुस्तकात हे प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात. पण वाचनगट कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नाही, हे बघायला ती चांगली आहे.

'हिंदू'ला आमचा गट पुरा पडला. नेम बदलला, दर रविवारी जमून पंचवीस पानं मोठ्याने वाचायची असं ठरवलं. जळगावकडच्या इंजिनीअरसाहेबांना एरवी बोलायला लावावं लागतं. पण खानदेशातली शेती, नातीगोती, भाऊबंदकी आली की ते खुर्चीत पुढे सरकून बसायचे. वखर आणि तिफण यांतला फरक आमच्यातल्या चौघांना माहीत नव्हता. एकाने तण काढायचं, दुसऱ्याने पेरायचं, एवढं कळलं तरी ते वाक्य उघडतं. महानुभाव पंथाबद्दल निवृत्तांपैकी एकांचं वाचन होतं. शब्दकोशाने झाली असती त्यापेक्षा ही मदत मोठी, कारण शब्दकोश अर्थ सांगतो आणि माणूस त्या शब्दाशी आपलं काय नातं आहे तेही सांगतो.

पण खरी वाट शाळेतल्या बाईंनी दाखवली. खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननातून मोरगावच्या घरात, तिथून आणखी कुणाच्या गोष्टीत, तिथून एखाद्या जातीच्या कुळकथेत जात राहतो आणि आपण वैतागून विचारत राहतो, की मूळ गोष्ट कुठे गेली. बाई म्हणाल्या, "आपण हे घर आवरायला निघालोय. पण पुस्तकाचं म्हणणं आहे आवरू नका." उपशीर्षकच 'जगण्याची समृद्ध अडगळ' आहे. काहीही टाकून द्यायचं नाही ही भूमिका घेतलेलं पुस्तक सुटसुटीत कसं असेल? पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला नायक केल्यावर थरांवर थर येणारच. त्यानंतर वैताग संपला असं नाही, पण तो वैताग आता वाचनाचाच भाग झाला. माझं मत विचाराल तर काही पानं समृद्ध नाहीत, नुसतीच अडगळ आहे, आणि हे म्हणायला ती वाचावी लागली. ताईंनी कादंबरी पुरी केली. आवडली का विचारल्यावर म्हणाल्या, "आवडली असं नाही म्हणणार. पण सासरची माणसं जरा वेगळी दिसायला लागलीयत."

इथे थांबलो असतो तर बुक क्लबची जाहिरात करता आली असती. त्यानंतर आम्ही श्याम मनोहरांची 'उत्सुकतेने मी झोपलो' घेतली.

या पुस्तकाला २००८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला एकही शब्द कुणाला विचारावा लागत नाही. वाक्यं छोटी, घरातली, पाचवीतल्या मुलाला वाचता येतील अशी. मनोहर भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि आपल्या घरांमध्ये ज्ञानाबद्दल कुतूहल का नाही हा त्यांचा जुना छळवादी प्रश्न. गट पहिल्याच रविवारी गप्प झाला. विनोद आहे हे कळतं, पण कुणाला हसायचं ते कळत नाही. प्रश्न गंभीर आहे की गंभीरपणाची टर उडवली जातेय? दोन वाक्यांच्या मधलं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. इथे जळगाव उपयोगाचं नव्हतं, महानुभावांवरचं वाचनही नाही. विचारायचं कुणाला? ज्या मध्यमवर्गीय घराबद्दल ते लिहितात ते घर आम्हा सगळ्यांनाच पाठ होतं आणि तरीही, किंवा त्यामुळेच, आम्ही बाहेर होतो.

अशा वेळी गट काय करतो हे पाहण्यासारखं असतं. तो पुस्तक सोडून विषयाकडे वळतो. तीन रविवार आम्ही भारतीय शिक्षणपद्धतीवर बोललो. सगळ्यांना मतं होती, सगळी सुसंगत होती आणि कादंबरीशी कुणाचाच संबंध नव्हता. नेमाड्यांच्या वेळीही अधूनमधून हे झालं होतं: पान अडलं की चर्चा त्यांच्या मुलाखतींवर घसरायची, कारण लेखकाच्या विधानांशी भांडणं त्याच्या वाक्यांशी भांडण्यापेक्षा सोपं. शिवाय गटात सरासरी निघते. कॉलेजातल्या मुलाने मनोहरांच्या एका परिच्छेदाबद्दल काहीतरी विचित्र आणि मला फार महत्त्वाचं वाटलेलं निरीक्षण मांडलं. कुणाला पकडता आलं नाही, म्हणून ते चहाबरोबर वाहून गेलं.

आपल्याकडे अवघड ग्रंथ एकत्र वाचण्याची परंपरा मोठी आहे, हे अशा वेळी आठवतं. 'ज्ञानेश्वरी' १२९० सालची, एकनाथांनी १५८४मध्ये तिची प्रत शुद्ध केली, म्हणजे तीनशे वर्षांत ती समजायला आणि जपायला जड जाऊ लागली होती. आज तर ती मराठी बहुतेकांना थेट कळत नाही. तरी गावोगावच्या सप्ताहांत शेकडो माणसं एका सुरात तिचे अठरा अध्याय वाचतात. पारायणाला बसलेल्या माणसाला 'हा वेळ सार्थकी लागला का' हा प्रश्न पडत नाही, कारण फळ वाचण्याआधीच ठरलेलं असतं. अर्थ अडला तर प्रवचनकार आहेत. बुक क्लबला पुण्यही नाही आणि प्रवचनकारही नाही. तिथे प्रत्येक पुस्तकाला स्वतःचं फळ स्वतः दाखवावं लागतं.

कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस इथे गेरी फियाल्का यांनी १९९५मध्ये जॉइसच्या 'फिनेगन्स वेक'साठी गट सुरू केला. महिन्याला दोन पानं, पुढेपुढे एक. २०२३च्या ऑक्टोबरात, अठ्ठावीस वर्षांनी, पुस्तक संपलं. जॉइसला लिहायला सतरा वर्षं लागली होती. आणि संपल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. ही बातमी आमच्या गटात मोठ्या कौतुकाने वाचली गेली. मला त्यात कौतुकाबरोबर थोडी शंकाही आहे. अठ्ठावीस वर्षांत पुस्तक कुठे संपतं आणि नेम कुठे सुरू होतो? मला ते पारायणाच्या जवळचं वाटतं. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही, पण ताईंच्या प्रश्नाला ते उत्तर होत नाही.

माझ्याकडे उत्तर म्हणून फक्त एक कामचलाऊ रीत आहे, तीही मनोहरांच्याच निमित्ताने सापडली. शिक्षणपद्धतीला कंटाळून आम्ही ठरवलं, की मत द्यायचं नाही. एक परिच्छेद एकाने वाचायचा, मग लगेच दुसऱ्याने तोच वाचायचा. निवृत्तांपैकी एकांनी एक परिच्छेद उपदेश केल्यासारखा वाचला. बाईंनी तोच शेजारणीशी बोलल्यासारखा वाचला आणि खोलीत हशा पिकला, मग एकदम कुणीच हसेना. अर्थ कुणी सांगितला नव्हता. पण त्या वाक्यांमधली काढून घेतलेली जागा कुठे आहे ते ऐकू आलं. हीच रीत आम्ही मग एका अलीकडच्या, खूप गाजावाजा झालेल्या प्रयोगशील कवितासंग्रहावर लावली. पहिल्या वाचनाला दबदबा होता. दुसऱ्याला तो ओसरला, तिसऱ्याला फक्त अवघड शब्दांची रांग राहिली. तो संग्रह आम्ही दुसऱ्याच रविवारी बंद केला, आणि सगळ्यात आधी बंद करा म्हणणाऱ्या ताईच होत्या. त्यांचं बरोबर होतं. अवघड असणं ही काही गुणवत्ता नाही, आणि अवघडपणाच्या नावाखाली मराठीत बराच माल खपतो.

'उत्सुकतेने मी झोपलो' ताईंनी अर्ध्यात सोडलं आहे. लोकलमध्ये ते वाचता येत नाही, असं त्यांचं म्हणणं: दर दोन वाक्यांनी मान वर करून समोरच्या बाईकडे बघत बसते. रविवारी मात्र त्या येतात आणि वाचायला पहिला नंबर लावतात. आता मर्ढेकरांची १९४२ची 'रात्रीचा दिवस' घ्यायचं चाललं आहे. इंजिनीअरसाहेबांच्या मते दोन रविवारांत उरकेल. बाई म्हणतात, निदान आठ लागतील. प्रत एकच मिळाली आहे, तीही वाचनालयाची, तेव्हा झेरॉक्स काढायची की पाळीपाळीने घरी न्यायची, यावर गाडं अडलं आहे.