चित्रे : एच. व्ही. कार्टर

दोह्यात सिद्रा रुग्णालयासमोर डेमियन हर्स्ट ह्यांची चौदा ब्राँझची शिल्पे उभी आहेत. गर्भधारणेपासून जन्मापर्यंतचा प्रवास त्यांत दाखवला आहे आणि शेवटचे नवजात बाळ तर सुमारे चौदा मीटर उंच आहे. २०१३ साली ती बसवली गेली, मग बराच काळ झाकून ठेवली गेली आणि २०१८ साली पुन्हा उघडली. आपल्या मंडळींत त्यांच्यावर वाद होतो तो बहुधा 'शोभते की नाही' ह्याच मुद्द्यावर. मला मात्र ती पाहताना दुसराच प्रश्न पडतो. शरीराच्या आतले दाखवणारी कलाकृती चांगली, हे ठरवायचे कशावरून? ही शिल्पे आपल्याला थक्क करतात. पण त्यांच्यावरून कोणी शरीरशास्त्र शिकावे असा त्यांचा हेतू नाही. ज्याचा अगदी तोच हेतू होता, आणि ज्याने आयुष्याची तीस वर्षे आपल्या मुंबई-साताऱ्याकडे काढली, अशा एका चित्रकाराच्या कामाविषयी आज लिहायचे आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या घरात कोणी डॉक्टर आहे त्यांनी 'ग्रेज ॲनाटमी' हा जाडजूड ग्रंथ कधी ना कधी चाळला असेल. त्याची पहिली आवृत्ती लंडनला १८५८ साली निघाली. पाने साडेसातशे, आकृत्या ३६३. मजकूर हेन्री ग्रे ह्यांचा. चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर ह्यांची. कार्टरचे वडील चित्रकार होते, म्हणजे हात घरातूनच आलेला. सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये शिकून तो डॉक्टर झाला. पुस्तकासाठी शवविच्छेदन दोघांनी मिळून केले, म्हणजे जे पाहिले तेच कार्टरने काढले. पुस्तक निघाले तेव्हा तो लंडनला नव्हताच. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात तो मुंबईच्या किनाऱ्याला लागला होता आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागला होता.

ह्या चित्रांचे थोरपण कशात आहे? रेषा सुबक आहेत, पण सुबक रेषा त्या काळी इतरांकडेही होत्या. माझ्या मते खरी करामत नावांत आहे. त्या वेळच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत अवयवावर एक बारीक अक्षर किंवा आकडा असे आणि त्याचा अर्थ खाली यादीत शोधावा लागे. विद्यार्थ्याचा डोळा चित्रावरून यादीवर आणि यादीवरून चित्रावर येरझारा घालीत राही. कार्टरने पुष्कळ ठिकाणी नाव थेट अवयवावरच लिहिले. स्नायूचे नाव स्नायूच्या लांबीला धरून, धमनीचे नाव धमनीच्या वळणाबरोबर वळत जाते. ही कल्पना पूर्णपणे नवी नव्हती. परंतु सबंध देहावर, शेकडो आकृत्यांत, एवढ्या सातत्याने ती राबवणे हे काम कार्टरचे. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यातला माणूस. वापरणाऱ्याचा एक फेरा वाचवण्यासाठी आम्ही महिनोन् महिने डोके खाजवतो, म्हणून मला ही गोष्ट लहान वाटत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात वाचणारा विद्यार्थी समोर ठेवूनच हे चित्र काढलेले आहे.

त्यातून ही चित्रे लाकडाच्या ठोकळ्यांवर, आरशातल्यासारखी उलटी काढायची. ठोकळे कोरले ते बटरवर्थ अँड हीथ ह्या कारागिरांनी. ठोकळा अक्षरांच्या खिळ्यांबरोबरच छापता येतो. म्हणून चित्र वेगळ्या पानावर न जाता मजकुराच्या शेजारीच बसले. रंग मुळीच नाही. तरीही काळ्या शाईच्या दाट-विरळ रेघांनी कुठला भाग पुढे, कुठला मागे हे लगेच कळते. नको ते गाळले आहे. काय गाळायचे हे ठरवायला मात्र आधी सगळे माहीत असावे लागते, आणि नुसता चित्रकार किंवा नुसता डॉक्टर अडतो तो इथेच.

आता मोबदल्याचे. ग्रे ह्यांना दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड ठरले होते. कार्टरला एकदाच दीडशे पौंड, पुढे काही नाही. रुथ रिचर्डसन ह्यांनी 'द मेकिंग ऑफ मिस्टर ग्रेज ॲनाटमी' (२००८) ह्या पुस्तकात हा सगळा इतिहास खणून काढला आहे. शीर्षकपानाच्या मुद्रितावर ग्रे ह्यांनी कार्टरचे नाव लहान टाइपात करायला सांगितले आणि त्याचे मुंबईचे नवे प्राध्यापकपद खोडून टाकले, हे वाचताना संताप येतो. पुस्तक वाचनीय आहे आणि वाचावेच. मात्र ते मिटल्यावर ग्रे खलनायक आणि कार्टर बिचारा एवढेच लक्षात ठेवणे मला पुरेसे वाटत नाही. ग्रे १८६१ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी देवी येऊन गेले; त्यांचा मजकूरही तितकाच स्वच्छ होता. शिवाय नावाचाच हिशेब मांडायचा, तर कारागिरांची नावे किती जणांना ठाऊक असतात? आणि ज्यांचे देह टेबलावर आले ते तर लंडनचे बेवारस गरीब. १८३२ च्या कायद्याने त्यांचे मृतदेह विच्छेदनाला देता येत. रिचर्डसनबाई त्यांना विसरत नाहीत, ही त्यांच्या पुस्तकाची मोठी बाजू.

कार्टरच्या चित्रांतली उणीव मला दिसते ती नेमकी इथे. त्याची माणसे फार शांत आहेत. चेहऱ्याचा अर्धा भाग उघडलेला आणि उरलेला अर्धा झोपल्यासारखा. ना गरिबी, ना मरण. शिकणाऱ्याला हे सोयीचे, पण ह्या सोयीत माणूस हरवतो. स्त्रीचे शरीरही जिथे वेगळे तिथेच येते. बाकी 'मानवी देह' म्हणजे पुरुषाचा देह.

म्हणून त्याच्या इकडच्या कामाकडे पाहायला हवे, जे आपण मराठी लोकांनीही फारसे पाहिलेले नाही. १८६३ पासून १८७२ पर्यंत कार्टर साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाच्या पायात काटा मोडतो, त्यातून पाय सुजतो, त्याला छिद्रे पडतात आणि त्यांतून काळे किंवा फिकट कण बाहेर येतात. 'मदुरा फूट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या रोगामागे बुरशी आहे हे त्याने १८६० च्या सुमारास मांडले, 'मायसेटोमा' हे नाव रूढ केले आणि १८७४ साली त्यावर रंगीत चित्रांचा ग्रंथ काढला. ह्या चित्रांतला पाय कोणाचाही चालेल असा नमुना-पाय नाही. तो रोगाने पोखरलेला, कामकरी माणसाचा पाय आहे. लंडनच्या चित्रांत हरवलेला माणूस इथे थोडा तरी परत आलेला आहे.

त्यानंतर तो नॉर्वेला जाऊन महारोगाचा अभ्यास करून आला. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे मुंबईकडे लोटली आणि उलटून येणाऱ्या तापाची साथ आली, तेव्हा त्याने रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. हे जंतू बर्लिनमध्ये ओबरमायर ह्यांनी १८७३ साली जाहीर केले होते. कार्टरने ते आपल्याकडच्या साथीत ओळखले, स्वतः तो ताप भोगला आणि १८८२ साली त्यावर पुस्तक लिहिले. १८८८ साली निवृत्त होऊन तो मायदेशी गेला आणि १८९७ साली क्षयाने वारला. दिसते तेच नेमके मांडण्याची लंडनची सवय इथेही कामाला आली, असे मला वाटते. चित्रकला त्याने सोडली नाही, फक्त टेबल बदलले.

आपल्या घरांतून मुलाला रेषा चांगली येते असे दिसले की आपण कौतुक करतो आणि पाठोपाठ म्हणतो, "छंद म्हणून ठीक आहे." मेडिकल की इंजिनीअरिंग, एवढाच खरा प्रश्न उरतो. वाचकहो, जॉन्स हॉपकिन्समध्ये मॅक्स ब्रोडेल ह्यांच्या हाताखाली वैद्यकीय चित्रकलेचा विभाग १९११ सालीच सुरू झाला. इथे दोह्याच्या एज्युकेशन सिटीत व्हर्जिनिया कॉमनवेल्थची कलाशाळा १९९८ पासून आणि वेल कॉर्नेलचे वैद्यकीय महाविद्यालय २००१ पासून एकाच आवारात आहेत. दोन्हीकडचे लक्ष असलेल्या मुलाने कुठल्या दारातून आत जावे हे आपण ठरवायचे कारण नाही. पण ज्या कामामुळे दीडशे वर्षांहून अधिक काळ डॉक्टर घडले, त्याला छंद म्हणायचे तरी थांबवू या.