दुर्गा खोटे : कीर्ति आणि कला

नटाच्या आयुष्यांत कीर्ति आणि कला यांची सांगड नेहमींच बसते असें नाहीं. कित्येकदां कीर्ति कलेच्या पुढें धांवते आणि मग लोक कीर्तीलाच कला समजूं लागतात. दुर्गाबाई खोटे यांच्या बाबतींत असेंच कांहींसें झालें आहे. त्यांचें नांव निघालें कीं दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पहिली ही कीं, एका सुशिक्षित व कुलीन घराण्यांतील ही स्त्री चित्रपटांत आली आणि तिच्यामुळें त्या धंद्याला प्रतिष्ठा लाभली. दुसरी ही कीं, राणी शोभावी ती त्यांनींच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत; पण दोहोंपैकीं एकींतहि त्यांच्या अभिनयाविषयीं एक अक्षर नाहीं. पहिलें कौतुक घराण्याचें आहे, दुसरें बांध्याचें. ज्या स्त्रीनें १९३१ पासून जवळजवळ पन्नास वर्षें अभिनयाचा व्यवसाय केला, तिच्या कलेचा हिशेब याहून निराळ्या रीतीनें मांडला पाहिजे.

प्रथम कुलीनतेचा प्रश्न घेऊं. दादासाहेब फाळके यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटांतील तारामतीसाठीं स्त्री मिळाली नाहीं. उपाहारगृहांत काम करणाऱ्या साळुंके नांवाच्या तरुणाला लुगडें नेसवून त्यांना वेळ निभावावी लागली. पुढें लवकरच 'मोहिनी भस्मासुर' या त्यांच्या चित्रांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. लोकापवादाचा पहिला घाव सोसला तो या मायलेकींनीं आणि त्यांच्यामागून आलेल्या अनेक नटींनीं. एका घराण्यामुळें धंदा शुद्ध झाला असें म्हणतांना आधींच्या साऱ्या जणी अशुद्ध होत्या असें आपण नकळत म्हणून जातों, याचें भान ठेवलेलें बरें.

शिवाय या कौतुकाखालीं खरी हकीगत झांकून जाते. दुर्गाबाईंचा जन्म १९०५ सालीं मुंबईंत लाड यांच्या घरीं झाला. वडील नामांकित सॉलिसिटर. शिक्षण कॅथीड्रल शाळेंत व सेंट झेवियर कॉलेजांत झालें. सासर खोटे यांचें, तेंहि संपन्न. पण तें वैभव ओसरलें, पदरीं दोन मुलें होतीं, आणि ऐन तारुण्यांत वैधव्यहि आलें. कमाई करणें प्राप्त झालें तेव्हां त्यांनीं १९३१ सालीं 'फरेबी जाल' या चित्रांत एक लहानसें काम पत्करलें. त्या चित्राच्या जाहिरातींत त्यांच्या माहेर-सासरच्या नांवाचेंच भांडवल करण्यांत आलें. चित्र पडलें आणि टीकेचा सारा मारा मात्र त्यांच्यावर झाला. कुलीनता ही त्यांची ढाल नव्हती. तीच त्यांच्यावरील आघाताचें कारण झाली. तेवढ्यावर त्या घरीं बसल्या असत्या तर कोणीं नांव ठेवलें नसतें. त्या बसल्या नाहींत, हें त्यांच्या चरित्रांतील पहिलें मोठें कृत्य होय.

'प्रभात'च्या शांतारामबापूंनीं त्यांना कोल्हापुरास नेलें आणि १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' निघाला. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गाबाई. पुरुष नटानें वठविलेल्या तारामतीपासून या तारामतीपर्यंत अवघीं एकोणीस वर्षें लोटलीं होतीं. परंतु मधलें अंतर याहून पुष्कळच मोठें आहे. तो काळ बोलपटाच्या बाल्यावस्थेचा. नटांनीं स्वतःच गावें, स्वतःच बोलावें, आणि तें यंत्रानें टिपलें तसेंच राहावें. रंगभूमीवरून आलेले नट शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकाला ऐकूं जाईल अशा बेतानें बोलत. दुर्गाबाईंना नाटकाची तालीम नव्हती. ही उणीव वाटावी. पण तोच लाभ ठरला. काशीच्या बाजारांत विकली जाणारी, गंगनाथाच्या घरीं दासी होणारी आणि अखेर मेलेल्या पोराला घेऊन स्मशानांत उभी राहणारी तारामती त्या आक्रोशानें रंगवीत नाहींत. मान ताठ आणि आवाज आवरलेला. दुःख व्हायचें तें खांद्यांच्या उतरत्या रेषेंतून आणि मंदावलेल्या पावलांतून. दासी झाल्यावरहि ही स्त्री राणी आहे, आणि म्हणूनच तिचें दासीपण आपल्याला बोंचतें. येथें राणीपणा ही शोभा राहत नाहीं. त्यांतूनच करुणरस निर्माण होतो.

त्याच वर्षींच्या 'माया मच्छिंद्र'मध्यें त्या स्त्रीराज्याच्या राणी झाल्या. पण त्यांच्या 'प्रभात'मधील भूमिकांत आमच्या मतें श्रेष्ठ ती १९३६ च्या 'अमरज्योति'मधील सौदामिनी. कायद्यानें जिचें मूल जिच्यापासून हिरावून घेतलें आहे, अशी ही स्त्री सूड म्हणून समुद्रावरील चांच्यांची नायिका होते. अशी भूमिका भडक होण्यास किती वाव असतो हें सांगावयास नको. दुर्गाबाईंनीं तिला रागाचें नव्हे, तर्काचें अधिष्ठान दिलें. सौदामिनी बोलते तेव्हां ती फिर्याद करीत नाहीं, निवाडा सांगते. मराठी प्रेक्षकांना पतिव्रता ठाऊक होत्या, खाष्ट बायका ठाऊक होत्या. न्याय मागणारी आणि तो मिळत नाहीं म्हणून शस्त्र धरणारी स्त्री पडद्यावर इतक्या अधिकारानें क्वचितच उभी राहिली असेल.

धंद्यांतहि त्यांचें वर्तन याला साजेसेंच होतें. मासिक पगारावर एकाच कंपनीला बांधून घेण्याचा तो काळ. दुर्गाबाई मात्र कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई, पुणें अशा जेथें भूमिका मिळेल तेथें गेल्या. कलकत्त्यास देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखालीं १९३३ सालीं 'राजरानी मीरा' व १९३४ सालीं 'सीता' हीं चित्रें त्यांनीं केलीं; 'सीता' हा व्हेनिसच्या महोत्सवांत दाखविला गेलेला पहिला भारतीय बोलपट होय. १९४० पूर्वींच त्यांनीं स्वतः चित्रनिर्मितीहि करून पाहिली.

येथून पुढें मात्र आमची तक्रार सुरू होते, आणि ती दुर्गाबाईंविरुद्ध नसून चित्रपटसृष्टीविरुद्ध आहे. १९४१ सालीं अत्रे यांच्या 'पायाची दासी'मध्यें त्यांना सासूचें काम मिळालें. वय अवघें छत्तीस. त्यांनीं तें उत्कृष्ट केलें. पुढच्याच वर्षीं 'भरतभेट'मध्यें त्यांनीं कैकेयी उभी केली, आणि कैकेयी ही दुष्टपणाची पुतळी नसून हट्टाला पेटलेली आई आहे, हें दाखविलें. या दोन्ही भूमिकांत त्यांच्या स्वभावांतील करारीपणाला कांहीं काम होतें. पण चित्रपटाचा धंदा असा कीं, एकदां आई झालेली नटी पुन्हां दुसरें कांहीं होऊं शकत नाहीं. नायक चाळिशी उलटली तरी नायकच राहतो. नायिकेला मात्र तिशी उलटतांच चूल आणि देवघर दाखविलें जातें. दुर्गाबाईंच्या चित्रांची संख्या दोनशेंच्या आसपास भरते म्हणतात. त्यांत राजमाता किती, आया किती, आज्या किती, हें मोजूं लागल्यास मन उदास होतें.

तरीहि त्यांतून एखादें रत्न निघतेंच. १९६० च्या 'मुगल-ए-आझम'मधील जोधाबाई पाहावी. 'सीता'मध्यें ज्या पृथ्वीराज कपूर यांनीं रामाची भूमिका केली तेच येथें अकबर, म्हणजे सव्वीस वर्षांनीं तेंच जोडपें पुन्हां समोरासमोर. पृथ्वीराज गर्जतात, दुर्गाबाई त्या गर्जनेला गर्जनेनें उत्तर देत नाहींत. पति एकीकडे, पुत्र एकीकडे, अशा पेंचांत सांपडलेली ही सम्राज्ञी बोलते कमी आणि ऐकते फार. दुसऱ्याचें बोलणें ऐकत असतां चेहरा जिवंत ठेवणें हें अभिनयांतील अवघड काम, आणि तेथें त्यांचा हात धरणारी नटी विरळा. १९७४ च्या 'बिदाई'मधील आईबद्दल त्यांना फिल्मफेअरचें सहाय्यक अभिनेत्रीचें पारितोषिक मिळालें. पारितोषिक योग्यच, पण 'सहाय्यक' हा शब्द सौदामिनी आठवतांना खुपल्यावांचून राहत नाहीं.

चित्रपटानें जें नाकारलें तें रंगभूमीनें दिलें. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत दुर्गाबाई उतरल्या तेव्हां त्यांची पंचेचाळिशी उलटली होती. शिरवाडकरांनीं 'मॅकबेथ'वरून रचलेल्या 'राजमुकुट' या १९५४ च्या नाटकांत नानासाहेब फाटक यांच्यासमोर त्या उभ्या राहिल्या. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'ंत त्या आनंदीबाई झाल्या. १९०९ सालीं हें नाटक प्रथम रंगभूमीवर आलें तेव्हां आनंदीबाईचें काम त्या काळच्या प्रथेप्रमाणें पुरुष नटाकडे होतें. म्हणजे येथेंहि तारामतीचीच कथा पुन्हां घडली. या दोन भूमिका कोणत्या, हें नीट ध्यानांत घ्यावें. दोघीहि पतीला सत्तेकडे ढकलणाऱ्या, दोघीहि रक्ताला न भिणाऱ्या, आणि दोघीहि वयानें प्रौढ. चित्रपट ज्या वयांत बाईच्या हातीं जपमाळ देतो, त्याच वयांत नाटकानें यांच्या हातीं महत्त्वाकांक्षा दिली. तारामतीचें राणीपण हिरावलें जातें म्हणून आपण हळहळतों. आनंदीबाईचें राणीपण तिला गिळून टाकतें म्हणून आपण शहारतों. एकाच गुणाचीं हीं दोन टोकें होत.

त्यांच्या कलेला मर्यादा होती हेंहि सांगितलें पाहिजे. त्यांचा ताठ कणा सहसा वांकला नाहीं. कष्टकरी, ओबडधोबड, हंसरी-खिदळती स्त्री त्यांच्या वांट्याला क्वचित आली. आणि आली असती तरी त्यांच्या सुसंस्कृत उच्चारांनीं व चालीनें तिला किती स्वीकारलें असतें, ही शंकाच आहे. सर्व रूपें धारण करणाऱ्या बहुरूपी नटांच्या जातीच्या त्या नव्हेत. एकच सूर, पण तो खर्जापासून तारापर्यंत फिरविणारा गवई असतो, तशी त्यांची कला. तो सूर म्हणजे अधिकार : कधीं भोगलेला, कधीं गमावलेला, कधीं मागितलेला.

संगीत नाटक अकादमीचें पारितोषिक १९५८ सालीं, पद्मश्री १९६८ सालीं आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार असे सन्मान त्यांना मिळाले. १९८२ सालीं 'मी, दुर्गा खोटे' हें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. त्यांच्या निर्मितिसंस्थेनें १९८८ सालीं दूरदर्शनसाठीं 'वागळे की दुनिया' ही मालिका काढली. राण्यांच्या भूमिका करून थकलेल्या बाईंनीं साध्या कारकुनाच्या संसाराला आश्रय द्यावा, ही गोष्ट मोठी गोड आहे. १९९१ सालीं त्या निवर्तल्या.

ज्या तारामतीसाठीं फाळक्यांना एक स्त्री मिळाली नव्हती, तिच्याच रूपानें मराठी पडद्यावर एक स्त्री आपल्या स्वतःच्या आवाजांत बोलूं लागली. तिच्यामागें घराणें होतें म्हणून नव्हे, तर घरीं अडचण असतां, बाहेर निंदा होत असतां तिनें काम सोडलें नाहीं आणि तें उत्तम केलें म्हणून आपण तिला मान द्यावयाचा. दुर्गाबाईंच्या कुलीनतेची स्तुति आतां पुष्कळ झाली; त्यांच्या अभिनयाची अजून पुरती व्हावयाची आहे.