दात मागे जातात, ओठ किती?

दात सरकवण्याची विद्या आता बरीच पक्की झाली आहे. दातावर हलका, सतत दाब ठेवला की दाबाच्या बाजूचं हाड झिजतं, ताणाच्या बाजूला नवं भरतं आणि दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर या चालीनं हलतो. तो कुठवर न्यायचा हे दंतवैद्य आधी ठरवतो आणि बहुतेकदा तिथं नेऊनही दाखवतो. घोडं अडतं ते त्यापुढे. दात तिथं पोचल्यावर ओठ, हनुवटी, नाकाखालचा भाग कसा दिसेल? तारा लावायला येणाऱ्याला नेमकं तेवढंच विचारायचं असतं.

या प्रश्नावर तज्ज्ञांचं मत गेल्या शतकात चांगलंच हेलकावत राहिलं. अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यानं 1899 मध्ये दातांच्या ठेवणीचं वर्गीकरण मांडलं. ते आजही शिकवलं जातं. सगळे दात नीट जुळवले की चेहरा आपोआप खुलतो, म्हणून एकही काढायचा नाही, हा त्याचा हट्ट. आदर्श म्हणून डोळ्यांसमोर अपोलो बेल्व्हेडेअरचा पुतळा! सौंदर्याचा एखादा नियम हाती लागावा म्हणून त्यानं सेंट लुईसचे चित्रकार एडमंड वुर्पेल यांना गाठलं. सगळ्या चेहऱ्यांना पुरेल असा नियमच नसतो, असं चित्रकारानं त्याला समजावलं. दंतवैद्यकाला हे पचायला पुढची कित्येक दशकं लागली.

अँगलचाच शिष्य चार्ल्स ट्वीड गुरूच्या पद्धतीनं उपचार करून पाहतो, तर रुग्णांचे ओठ पुढे आलेले आणि दात पुन्हा वाकडे. त्यानं चार उपदाढा काढून तेच रुग्ण नव्यानं हाती घेतले आणि 1940 मध्ये निकाल समव्यावसायिकांपुढे ठेवला. वारं फिरलं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या दवाखान्यात दात काढून उपचार करण्याचं प्रमाण 1953 मध्ये 30 टक्के होतं, ते 1968 मध्ये 76 टक्क्यांवर गेलं आणि 1993 मध्ये पुन्हा 28 टक्क्यांवर आलं. या 40 वर्षांत तिथल्या लोकांचे जबडे काही बदलले नव्हते.

खरी गंमत ओठांत आहे. वरचे-खालचे दोन्ही पटाशीचे दात पुढे असलेली एखादी विशीतली मुलगी खुर्चीत बसते. ओठ मिटायला सांगितलं की हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारख्या बारीक खळ्या उमटतात, कारण ओठ जुळवायला हनुवटीचा स्नायू जोर लावतो. ओठ सैल सोडायला सांगितलं की वर-खाली फट पडते आणि दात दिसतात. उपदाढ साधारण 7 मिलिमीटर रुंद असते. ती काढून मिळालेल्या जागेत पुढचे दात मागे घेतले की ओठही मागे येतात, पण त्यांचा हिशेब दातांइतका सरळ नाही. खालचा ओठ खालच्या दातांच्या बराच जवळून चालतो. वरचा मात्र रेंगाळतो: दात 3 मिलिमीटर मागे गेले तर तो कुणाचा 1, कुणाचा 2 मिलिमीटर सरकतो. जाड ओठ कमी हलतो, पातळ जास्त. ताणून मिटलेला ओठ आधी ताण सोडतो, मग मागे येतो. अनेकदा दिसण्यातला सर्वांत मोठा फरक हनुवटीवरच्या खळ्या जाण्यानंच पडतो. मापाच्या तक्त्यात त्याला रकानाही नसतो.

दात काढले की तोंड बसतं, ही भीती घराघरांत आहे. ती पूर्ण खोटी नाही. मुळात ओठ पातळ आणि नाक मोठं असताना उपदाढा काढल्या तर चेहरा सपाट दिसू शकतो. पण दोन्हींपैकी कुठलाही मार्ग चालला असता अशा सीमारेषेवरच्या रुग्णांना सेंट लुईसच्या संशोधकांनी उपचारांनंतर सुमारे 14 वर्षांनी पुन्हा तपासलं. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन गटांत फरक निघाला तो जेमतेम 2 मिलिमीटरचा. तेवढ्यावरून दोन पंथ उभे राहिले होते!

मापांचाही असाच घोळ. रॉबर्ट रिकेट्स यांनी नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत रेषा आखली आणि गोऱ्या प्रौढांत वरचा ओठ तिच्या 4, खालचा 2 मिलिमीटर मागे असावा असं सुचवलं. भारतीय चेहऱ्यांत भरलेले ओठ सर्रास दिसतात आणि शोभतातही. तीच रेषा इथं जशीच्या तशी लावली, तर धडधाकट चेहराही रुग्ण ठरतो.

त्यात काळ थांबत नाही. नाक आणि हनुवटी वाढत्या वयातही पुढे येतात, वरचा ओठ खाली उतरतो. 1978 मधल्या एका गाजलेल्या मोजणीत तिशीच्या आतल्यांचे वरचे दात, ओठ सैल असताना, सरासरी 3 मिलिमीटरहून अधिक दिसत होते. साठीत ते जवळजवळ झाकले गेले होते. पंधराव्या वर्षी ओठ अगदी मापात बसवणारा उपचार पन्नाशीत ते आत गेलेले दाखवू शकतो.

अलीकडे गुंता वाढला आहे तो संगणकाच्या पडद्यामुळे. उपचारानंतरचा हसरा चेहरा आधीच दाखवणारी प्रणाली दातांचा हिशेब चांगला करते. ओठांचं चित्र मात्र सरासरीवर बेतलेलं असतं. ते दाखवून उपचार विकणं हा या विद्येचा सध्याचा सर्वांत कच्चा व्यवहार आहे. म्हणून तारा किंवा अलाइनर लावण्याआधी दोन गोष्टी मागून घ्याव्यात: ओठ सैल सोडून बाजूनं काढलेला फोटो, आणि आपल्या ओठांची जाडी पाहून डॉक्टरांनी कमीत कमी व जास्तीत जास्त असा सांगितलेला बदलाचा अंदाज. एकच आकडा छातीठोकपणे सांगितला गेला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं.