शुद्धतेची कसोटी आणि उक्तीचे रूप : मिसूरी सिनॉडचे उपासनाग्रंथ

संहितेच्या तपासणीचा विचार करताना समीक्षेच्या डोळ्यांपुढे सहसा दोनच व्यवस्था येतात. एक सत्तेची, जी प्रकाशनाला अनुमती देते किंवा नाकारते. दुसरी पाठचिकित्सेची, जी पाठभेदांतून मूळ पाठाकडे जाऊ पाहते. धर्मसंस्था आपल्या उपासनेची संहिता ज्या रीतीने तपासते आणि मान्य करते, ती व्यवस्था या दोहोंहून वेगळी आहे. तपासलेले शब्द येथे वाचकाने वाचायचे नसतात, समुदायाने उच्चारायचे असतात. पुढच्या रविवारी शेकडो माणसे त्या शब्दांतील 'मी' आणि 'आम्ही' स्वतःचे म्हणून घेणार असतात. म्हणून या तपासणीत एक प्रश्न अटळ असतो: दुसऱ्याच्या तोंडी घालावयाच्या उक्तीत नेमके तपासायचे काय? तिच्यातील विधाने की तिचे रूप? अमेरिकेतील ल्यूथरन चर्च–मिसूरी सिनॉड या संस्थेचा इतिहास हा या प्रश्नाचा एक विलक्षण बोलका दाखला आहे.

सिनॉडची स्थापना १८४७ साली शिकागो येथे झाली. सदस्यत्वाच्या अटींत एक अट ग्रंथांविषयी होती. सदस्य मंडळीने सिद्धांतदृष्ट्या शुद्ध असेच ग्रंथ वापरावेत, असे ती सांगे; आणि या ग्रंथांत उपासनाविधी आणि गीतपुस्तक यांच्या जोडीला शाळेतील वाचनपुस्तकेही येत. आजच्या घटनेच्या सहाव्या कलमातही ही अट आहे; तेथे उपासनाविधी, गीतपुस्तके आणि प्रश्नोत्तरी यांचा निर्देश आहे. पण मूळ अटीला जोडलेली पुरवणी अधिक लक्षणीय आहे. एखाद्या मंडळीत अशुद्ध गीतपुस्तक तत्काळ बदलणे शक्य नसेल, तर तेथील पाळकाला सिनॉडचे सदस्यत्व मिळू शके. मात्र ते पुस्तक आपण उघड निषेध नोंदवूनच वापरू आणि शुद्ध पुस्तक आणण्यासाठी मनापासून झटू, असे वचन त्याने द्यावयाचे होते. निषेधपूर्वक उच्चारण! संहिता उच्चारायची आणि त्याच वेळी ती आपली नाही असेही जाहीर करायचे, ही कल्पना आधुनिक वाचकमीमांसेलाही विचार करावयास लावील अशी आहे. उच्चारणाऱ्याला शब्दापासून अंतर राखता येते, हे त्या पुरवणीने मान्य केले होते. पाळकाला दिलेली ही सोय बाकावर बसणाऱ्या माणसाला मात्र दिलेली दिसत नाही.

या कडवेपणामागे अनुभव होता. सिनॉडचे आद्य नेते सी. एफ. डब्ल्यू. वॉल्थर हे सॅक्सनीतील ब्रॉयन्सडॉर्फ येथे पाळक असताना बुद्धिवादी वळणाच्या उपासनाविधीशी, गीतपुस्तकाशी आणि शालेय पुस्तकांशी झगडले होते. जुनी गीते 'सुधारून' त्यांतील पाप, कृपा, रक्त हे शब्द सौम्य करण्याची व त्यांच्या जागी सद्गुण आणि ईश्वरी योजना आणण्याची टूम त्या काळी जर्मनीत सर्वत्र होती. शेजारच्या प्रशियात तिसऱ्या फ्रेडरिक विल्यम राजाने १८१७ साली ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड चर्चांचे ऐक्य घडवून आणले आणि १८२२ मध्ये स्वतः पुरस्कारलेला उपासनाविधी पुढे करून तो मंडळ्यांच्या गळी उतरवण्याचा प्रयत्न केला. १८३८–३९ मध्ये मिसूरीला येऊन पोहोचलेल्या सॅक्सन स्थलांतरितांना एवढे पक्के ठाऊक होते की सिद्धांत बदलावयाचा असेल तर सिद्धांतग्रंथाला हात लावण्याची गरज नसते. गीतपुस्तक बदलले की पुरे.

वॉल्थर यांनी सेंट लुइसच्या मंडळीसाठी संपादित केलेले जर्मन गीतपुस्तक त्याच १८४७ साली निघाले. त्यातील गीतांच्या निवडीच्या कसोट्या त्यांनी जाहीर केल्या होत्या आणि समीक्षेच्या दृष्टीने त्या मुळातून पाहण्याजोग्या आहेत. पहिली कसोटी अर्थातच सिद्धांतशुद्धीची. दुसरी, ते गीत जर्मन ल्यूथरन चर्चमध्ये जवळजवळ सर्वत्र स्वीकारले गेलेले असावे. तिसरी, त्यात एकेका व्यक्तीच्या पालटत्या मनःस्थितीपेक्षा समग्र चर्चची भाषा असावी. आणि चौथी, गीत साधे असले तरी ते यमक जुळवलेले गद्य नसावे, खरे काव्य असावे. म्हणजे सिद्धांत, परंपरा, उक्तीचा कर्ता आणि काव्यगुण अशी ही चार अंगे आहेत. तिसरी कसोटी तर आजच्या परिभाषेत निवेदकाचीच कसोटी म्हणावी लागेल: या गीतातील 'मी' कोण आहे, असे ती विचारते.

पुढे संस्था वाढली, प्रकाशने वाढली आणि या चारांपैकी पहिलीच तेवढी व्यवस्थेत रुजली. सिनॉडच्या नियमांत 'सैद्धांतिक तपासणी' नावाची रीतसर प्रक्रिया आहे. सिनॉड व तिच्या उपसंस्था यांच्या साहित्यातील प्रत्येक सैद्धांतिक विधान पवित्र शास्त्राशी आणि ल्यूथरन विश्वासांगीकारांशी सुसंगत आहे की नाही, हे ठरवणे हा तिचा हेतू. ही जबाबदारी अध्यक्षांकडे असते. ते तपासनीस नेमतात. आणि निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी एक आयोग आहे. या प्रक्रियेतला कळीचा शब्द 'विधान' हा आहे. संहिता म्हणजे विधानांची बेरीज, आणि प्रत्येक विधान सुटे काढून खरे-खोटे करता येते, असे तिचे गृहीतक आहे. लेख, पाठ्यपुस्तके, प्रवचने यांना ते बव्हंशी लागू पडते. गीताला आणि प्रार्थनेला ते कितपत लागू पडेल? प्रार्थना विधान करीत नाही. ती हाक मारते, मागते, आभार मानते. (एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा 'शुद्ध' याचा अर्थ मूळ पाठाशी इमानी असा होता. मिसूरीच्या लेखी शुद्ध म्हणजे सिद्धांताशी इमानी. त्यापायी मूळ कवीचा शब्द बदलला तरी तेथे वावगे मानले जात नाही.)

खुद्द ल्यूथर यांच्याकडे या बाबतीत दोन परस्परविरुद्ध वाटणारे कल दिसतात. १५२६ सालच्या जर्मन उपासनाविधीच्या प्रस्तावनेत त्यांनी, हा विधी कोणी कायदा करून टाकू नये, असे बजावले. उलट १५२९ साली विटेनबर्गला क्लूग यांनी छापलेल्या गीतपुस्तकात त्यांनी गीतांवर कर्त्यांची नावे घातली, ती आपल्या नावावर कोणी भलता माल खपवू नये म्हणून. विधीला स्वातंत्र्य, पण पाठावर पहारा. हाच ताण पुढे विश्वासांगीकारांत उतरला. ऑग्सबर्गच्या १५३० सालच्या विश्वासांगीकाराचे सातवे कलम सांगते की चर्चच्या ऐक्यासाठी मानवनिर्मित विधी सर्वत्र एकसारखे असणे आवश्यक नाही. १५७७ च्या 'फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड'चे दहावे कलम त्याला मुरड घालते: जे ना विहित ना निषिद्ध, त्याबाबतही विश्वासाच्या कसोटीच्या वेळी माघार घेता येत नाही. मिसूरीच्या घटनेतही सहाव्या कलमाने शुद्ध ग्रंथांचे बंधन घातले आणि सातव्याने, मंडळीच्या स्वयंशासनाच्या बाबतीत सिनॉड केवळ सल्लागार आहे, असे म्हटले. या दोन कलमांच्या फटीतूनच पुढचा सारा वाद वाहतो.

१९६५ साली डेट्रॉइटच्या अधिवेशनात मिसूरी सिनॉडनेच इतर ल्यूथरन चर्चांना संयुक्त गीतपुस्तकाचे आमंत्रण दिले. १९६६ मध्ये आंतर-ल्यूथरन उपासना आयोग स्थापन झाला. १९६९ पासून प्रायोगिक पुस्तिका मंडळ्यांच्या हाती आल्या. ग्रंथ जवळजवळ सिद्ध असताना, १९७७ च्या डॅलस अधिवेशनाने खास परीक्षण समिती नेमण्याचे ठरवले आणि सिनॉड बाजूला झाले. 'ल्यूथरन बुक ऑफ वर्शिप' १९७८ मध्ये निघाले. त्याच्या नामपृष्ठावर, ग्रंथ सिद्ध करणाऱ्या चर्चांत, ज्याने तो स्वीकारला नाही त्या मिसूरी सिनॉडचेही नाव आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये सेंट लुइसच्या कॉन्कॉर्डिया सेमिनरीतील बहुसंख्य प्राध्यापक व विद्यार्थी बाहेर पडले होते; त्या फुटीनंतरच्या संशयाच्या वातावरणात हे परीक्षण झाले, हे विसरून चालणार नाही. पण सगळा वाद राजकारणाच्या खाती टाकणे सोपे आहे, आणि चुकीचेही.

आक्षेप अनेक होते. त्यांतील सर्वांत खोल आक्षेप प्रभुभोजनाच्या महास्तुतीविषयी होता. शेवटच्या भोजनप्रसंगी ख्रिस्ताने उच्चारलेली स्थापना-वचने नव्या संहितेत ईश्वराला उद्देशून केलेल्या एका दीर्घ आभारप्रार्थनेच्या पोटात आली होती. हे इतर ल्यूथरनांना नवे नव्हते. त्यांच्या १९५८ च्या 'सर्व्हिस बुक अँड हिम्नल'मध्येही अशी प्रार्थना होती. शिवाय १९७८ च्या ग्रंथात केवळ वचनेच उच्चारण्याचा पर्यायही ठेवलेला होता. तरीही ऑलिव्हर ऑल्सन यांनी १९७४ मध्ये आणि गॉटफ्रीड क्रोडेल यांनी १९७७ मध्ये या नव्या वळणावर कडक टीका केली. अशाने हे भोजन प्रभूचे न राहता ख्रिस्ती लोकांचे होते, हे क्रोडेल यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच सांगून टाकले.

येथे सैद्धांतिक तपासणीच्या गृहीतकाचीच कसोटी लागते. वचनांतील एकही शब्द बदलला नव्हता. भोवतालच्या प्रार्थनेतील एखादे विधान सुटे काढून 'हे खोटे' असे म्हटले असते, तरी त्याने हा आक्षेप पुरा झाला नसता. बदलला होता तो संबोधित. वचने स्वतंत्र उच्चारली की ख्रिस्त मंडळीला बोलतो आणि देतो. तीच प्रार्थनेत गुंफली की मंडळी ईश्वराला बोलते आणि घडलेले स्मरते. ऑस्टिन यांच्या १९६२ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी उक्तिकृतीची जी कल्पना रूढ केली, तिच्या भाषेत सांगायचे तर शब्द तेच, आशय तोच, कृती वेगळी. ल्यूथर यांना याची जाण होती. १५२३ मध्ये त्यांनी अर्पणाची भाषा असलेला जुना प्रार्थनाभाग छाटून वचने तेवढी ठेवली आणि १५२६ मध्ये ती शुभवर्तमान-वाचनाच्या धर्तीच्या स्वरात बसवली. घोषणा आहे, याचना नव्हे, हे त्यांनी स्वरातून सांगितले.

तेव्हा १९७७ च्या आक्षेपकांनी केले ते, त्यांच्या नकळत, उत्तम प्रतीचे रूपनिष्ठ वाचन होते. सिद्धांत वाक्यात नसून वाक्याच्या जागेत, पुरुषवाचक सर्वनामात, संबोधनात असू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजेच वॉल्थर यांची विस्मृत तिसरी कसोटी मागल्या दाराने परत आणली. त्यांची मर्यादा एवढीच की हे वाचन त्यांनी एकाच ठिकाणी थांबवले. एक संहिता एकाच वेळी आभार आणि घोषणा या दोन्ही कृती करू शकते, ही शक्यता त्यांनी पुरती तपासली नाही. गीतच पाहिले तर तेथे मंडळी ईश्वराला गाते आणि त्याच श्वासात शेजाऱ्यालाही सांगते. त्याला कोणी दोष देत नाही. १९८२ च्या 'ल्यूथरन वर्शिप'ने मात्र बराच भाग १९७८ च्याच संहितेवरून घेऊन प्रार्थना आधी संपवली आणि वचने तिच्याबाहेर काढून ठेवली.

१९८८ साली कार्यरत झालेल्या इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका या दुसऱ्या मोठ्या संस्थेचा मार्ग निराळा दिसतो. तिने १९९७ मध्ये उपासनेविषयीचे निवेदन 'मार्गदर्शन आणि आचरण यांसाठी' म्हणून स्वीकारले. २००१ पासून तात्पुरत्या संहिता मंडळ्यांत वापरायला देऊन, अभिप्राय घेऊन, २००६ मध्ये 'इव्हँजेलिकल ल्यूथरन वर्शिप' काढले. येथे पहारा नाही असे वाटेल, पण तो फक्त जागा बदलून उभा आहे. या ग्रंथातील स्तोत्रांच्या गेय पाठात ईश्वरासाठी पुल्लिंगी सर्वनाम टाळलेले आहे. आरंभीही पिता-पुत्र-पवित्र आत्मा या नामोच्चाराला, पवित्र त्रैक्याला धन्य म्हणणारा पर्याय दिलेला आहे. तपासणी येथेही सर्वनामाचीच आहे. फरक असा की मिसूरी तिला सिद्धांत म्हणते आणि ही संस्था बहुधा भाषा म्हणते. त्यामुळे एकीकडे रूपाचा प्रश्न सिद्धांताच्या वेषात येतो, दुसरीकडे सिद्धांताचा प्रश्न शैलीच्या वेषात. दुसरा वेष अधिक सभ्य दिसतो, परंतु वादासाठी तो कमी प्रामाणिक ठरण्याचा धोका आहे. ज्याला शैली म्हटले त्यावर निषेध नोंदवणार कसा?

मिसूरीचे आजचे 'ल्यूथरन सर्व्हिस बुक' २००६ चे. त्याची सामग्री सैद्धांतिक तपासणीतून गेली, काही मंडळ्यांत वापरून पाहिली गेली आणि २००४ च्या अधिवेशनाने तिला मान्यता दिली. या अधिवेशनात पाळक आणि सामान्य सभासद यांचे प्रतिनिधी समसंख्येने मत देतात. संहितेवर असे मतदान व्हावे ही गोष्ट साहित्यव्यवहारात दुर्मिळच. त्या ग्रंथात ल्यूथर यांचे, ईश्वराला अभेद्य गड म्हणणारे प्रसिद्ध गीत दोन क्रमांकांखाली, दोन अनुवादांत छापलेले आहे. ६५७ वर सिनॉडच्या जुन्या पुस्तकाच्या वळणाचा पाठ आहे. ६५६ वरचा अनुवाद १९७८ च्या 'ल्यूथरन बुक ऑफ वर्शिप'मधला, म्हणजे १९७७ साली दूर सारलेल्या ग्रंथातला आहे. दोन्ही तपासणीत शुद्ध ठरले आहेत. कोणत्या रविवारी कोणता गायचा, हे सिनॉड सांगत नाही.